रिकाम्या छातीचे मरण

४ मार्च

जो श्वास देतो आणि आपल्याच वेळी तो परत मागून घेतो, त्या दयाघनाच्या चरणी मस्तक ठेवून, त्याच्या कृपेने माझा हात स्थिर राहो आणि अक्षर सत्याला धरून राहो, एवढे मागून मग हे पत्र.

चिरंजीव बाळ, आशीर्वाद.

तुझा निरोप घेऊन तुझा साहाय्यक काल दारात उभा होता. उंबऱ्यातूनच त्याने माझ्या खांद्यावरून आत नजर टाकली आणि विचारले, "मॅडम इथे आहेत का?" मी म्हटले, "या घरात मॅडम कोणी नाही." तो खाली मान घालून गेला. मी असत्य बोलले नाही. या घरात जी आहे ती माझी सून आहे.

तू कळवतोस की चित्रपट पुरा झाला, फक्त तिच्या किंकाळीचे ध्वनिमुद्रण राहिले आहे, अर्ध्या दिवसाचे काम. तुमच्या धंद्यात चित्र आधी मुके घेतात आणि आवाज मागाहून भरतात, हे मला तिनेच समजावून सांगितले होते. तर बाळ, ते काम होणार नाही. तिला आवाज राहिलेला नाही. गळ्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांचे ठसे आहेत. आधी जांभळे होते, आता कडेने पिवळे पडू लागले आहेत. पाणी पिताना ती मान कलती करते आणि घोट उतरेपर्यंत डोळे मिटून घेते. कंठातली कूर्चा तडकली आहे, असे डॉक्टर म्हणतात. बोलते ते वाऱ्याने कागद हलावा तसे, आणि त्यातही मला "आई, तुम्ही जेवून घ्या" एवढेच सांगत राहते.

तू तिला प्रथम या घरी आणलेस तो दिवस आठवतो का? मी विचारले होते, "मुली, काय करतेस तू?" ती म्हणाली, "मरते." मी म्हटले, "आणि पोट भरतं त्यावर?" "भरतं की. जिवंत लोकांपेक्षा बरं आहे. संवाद पाठ करावे लागत नाहीत."

तू हसलास. मीही हसले, आणि त्याच हसण्यात ती माझी झाली.

तेव्हा ती तुमच्या स्वस्त भयपटांत मागच्या ओळीतले प्रेत असे. तिची अडचण एकच होती: छाती हलायची, आणि दिग्दर्शक ओरडायचे. मग ज्या फरशीवर तुला लहानपणी पठण शिकविले, त्याच फरशीवर मी तिला आडवी केली. मी सांगितले, मरायचे असेल तर श्वास भरून धरू नकोस. भरलेली छाती फुगून राहते, थरथरते आणि गळ्याची शीर उडू लागते. आधी सगळा श्वास सोड. पोट आत जाऊ दे. रिकामी झालीस की मग थांब. मृत माणसाजवळ धरून ठेवण्यासारखे काही उरत नाही, हे आपल्या शास्त्राने सांगितलेले मी केवळ तिच्या कामाला लावले. तू दाराशी बसून सफरचंद खात होतास. म्हणालास, "आई, तू माझ्या बायकोला मरायला शिकवतेयस." आणि मग तू स्वतः शेजारी आडवा होऊन करून पाहिलेस. तुला ते पहिल्याच प्रयत्नात जमले होते. हे विसरू नकोस. मी विसरलेली नाही.

त्यानंतर ती मागच्या ओळीतून पुढे आली. तू तिला विहिरीत मारलेस, करवतीखाली मारलेस, पेटत्या गाडीत मारलेस. खोटी काच वेळेवर आली नाही म्हणून खऱ्या काचेतून तिला पलीकडे ढकललेस. तिच्या पाठीत अजून एक खडा आहे, हवा बदलली की दुखतो. जिन्यावरून पडताना बरगडी मोडली, आणि तेच दृश्य तू जाहिरातीत लावलेस. लोक तिला मढंबाई म्हणू लागले. रस्त्यात अनोळखी माणसे तिला विनवीत, "एकदा मरून दाखवा ना." ती दाखवीही. मी रागावले की म्हणे, "आई, कोणी गाणं म्हणायला सांगतं, कोणी हे सांगतं. कलाच आहे की."

खालचा शिंपी तेवढा कुरकुर करी. दुपारी चार वाजता मागच्या खोलीत तिची किंकाळ्यांची तालीम सुरू झाली की तो जिन्याखालून हाक मारी, "काकू, किंकाळीताईंना सांगा, गिऱ्हाइकाची कंबर मोजताना माझा टेप सुटतो. काल एकाची विजार गळ्यापर्यंत शिवली मी."

त्याचे दुकान आता दुपारी शांत असते. परवा तो स्वतःच वर येऊन विचारून गेला, "ताई गावाला गेल्यात का?"

तिला न्यायला येऊ नकोस.

आई


११ मार्च

चिरंजीव बाळ, आशीर्वाद.

तुझे उत्तर पोहोचले. "आई, तो अपघात होता. गेंड्याला भान राहिलं नाही. मला वाटलं, ती नेहमीसारखंच छान करतेय." तीन वाक्ये. लहानपणी फुलदाणी फुटली तेव्हाही तू तीनच वाक्ये बोलला होतास, आणि त्यांतही भान दुसऱ्याचेच सुटले होते.

तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी तुझा गेंडा येथे आला होता. जामिनावर सुटल्यावर घरी न जाता थेट आला. एवढा थोरला देह. तुझ्या सगळ्या चित्रपटांतला राक्षस, पिशाच्च आणि मारेकरी तोच. दारातून वाकून आत आला आणि वाकलेलाच राहिला. सूनबाई समोर बसली होती. तिच्याकडे त्याने पाहिले नाही. माझ्याकडे पाहून बोलला.

"आजी, मुखवट्याला डोळ्यांच्या जागी जाळी होती. त्या जाळीत घाम साचला. मला ताईंचा चेहरा दिसतच नव्हता. आमचं ठरलेलं असतं, साहेब 'बस' म्हणाले की हात काढायचे. त्याआधी काढले तर दृश्य वाया जातं, शिव्या बसतात. साहेब म्हणाले, 'दाब.' मी दाबलं. 'अजून.' मी अजून दाबलं. ताईंच्या टाचा फरशीवर वाजत होत्या. मला वाटलं, आज काय जीव ओतून करतायत. मग टाचा थांबल्या. तरी 'बस' येईना. आणि आजी, मग टाळ्या वाजल्या. सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून मी हात काढले. 'बस' कोणी म्हणालंच नाही."

मी विचारले, "टाळ्या वाजत असताना ती कशी पडली होती?"

"नेहमीसारखी. मेल्यासारखी. लोक म्हणत होते, आजचं सगळ्यात भारी. मेकअपवाली पुसायला आली, तिनं मान उचलली तर मान मागे गेली. तोंडातून फेस. मग तिनं बोंब ठोकली. मी ताईंना उचलून पळालो. गाडीपर्यंत पळालो."

एवढे बोलून तो रडू लागला. सूनबाई उठली, पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन उलटसुलट पाहिले, जणू त्या हातांनाच काही लागले आहे की काय. मग कानाजवळ जाऊन काही पुटपुटली. मी नंतर विचारले, काय म्हणालीस? ती म्हणाली, "म्हटलं, गेंड्या, तू मला उचललंस. बाकीचे टाळ्या वाजवत होते."

बाळ, आता माझे ऐक. सरकारी तपासनीस दोनदा येऊन गेला. तुझ्या जबानीवर भरवसा ठेवून त्याने सारा दोष त्या बिचाऱ्यावर टाकला आहे. वर्षानुवर्षे तो आत जाईल. तपासनिसाने मला ते दृश्य दाखविले. मुके आहे. मी डोळे मिटले नाहीत.

तिची छाती भरलेली होती. फासळ्या वर आलेल्या, मानेची शीर दोरीसारखी फुगलेली, पोट टणक. आत कोंडलेला श्वास बाहेर पडायला धडपडत होता आणि त्याला वाट नव्हती. खोटे मरण आपल्या घरात असे मरत नाहीत. टाळ्या वाजविणाऱ्यांना ते कळले नाही, गेंड्याला जाळीतून दिसले नाही. पण यंत्राच्या मागे तू होतास, आणि तू माझ्या फरशीवर शिकला आहेस.

इंद्रियांच्या भांडणाची जुनी कथा मी तुला झोपताना सांगत असे. वाणी घर सोडून गेली, देह जगला. दृष्टी गेली, देह जगला. प्राण नुसता उठून उभा राहिला तर सगळी इंद्रिये मुळासकट उपटू लागली. तू दरवेळी विचारायचास, "मग प्राणाला थांब कोण म्हणालं?" त्या दिवशी थांब म्हणण्याचे काम तुझे होते.

मला साक्षीला बोलावले आहे. मी जाणार. त्याआधी तू स्वतः जा आणि जे पाहिलेस ते सांग. आईच्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते तुझ्या तोंडून निघालेले बरे. हीच एक भीक.

आई


१९ मार्च

चिरंजीव बाळ,

अक्षर माझे नाही हे तुझ्या ध्यानात आले असेल. माझा उजवा हात खांद्यापासून बांधलेला आहे. मी सांगते आहे. लिहिते कोण, ते तुला अक्षरावरून कळेल. पत्र कोठडीच्या पत्त्यावर पाठवीत आहे.

तुला नशा नव्हती, म्हणून तू केलेले तुला आठवत असेलच. तरीही मी सांगते, कारण तू उद्या पुन्हा तीन वाक्यांत लिहिशील.

दुपारची वेळ होती. तू दारावर हलकेच थाप मारून म्हणालास, "आई, भूक लागलीय." या शब्दाला मी आजवर कधी कडी लावली नाही. तू आत आलास, पाटावर बसलास, चार घास खाल्लेस. मग पिशवीतून यंत्र काढलेस, ध्वनिग्राहक तिवईवर बसविलास आणि मागच्या खोलीचे दार उघडलेस.

"इथेच घेतो. एकच किंकाळी. वितरक दाराशी बसलाय, कळतंय का तुला?"

तिने मानेनेच नाही म्हटले.

"निघत नाही? काढतो."

तू तिचे केस मुठीत धरलेस. पहिल्या वेळी डोके दाराच्या चौकटीवर आदळलेस तेव्हा मी तुझे नाव घेऊन हाक मारली. दुसऱ्या वेळी तिची भुवई फाटली आणि रक्त डोळ्यात उतरले. "ओरड," तू म्हणत होतास, "रोज ओरडायचीस ना, ओरड आता." तिने दात मिटून घेतले होते. तिसऱ्या वेळी तू तिच्या पोटात गुडघा घातलास. ती वाकली, पण तोंड उघडले नाही. तिचा तो निश्चय मी पाहिला. तिला मारता येईल, तिच्याकडून ते घेता येणार नाही, हे तुलाही दिसले असावे, कारण तुझा हात तिच्या गळ्याकडे गेला.

ज्या पाटावर मी पोथी ठेवते तो मी उचलला आणि तुझ्या खांद्यावर घातला. सर्व बळ लावून घातला. डोक्यावर बसला असता तरी माझी हरकत नव्हती, हेही लिहून ठेव, सूनबाई. तू वळलास. माझा हात धरून मागे पिळलास. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मी खाली पडले, आणि पोथीची पाने माझ्यावर.

तेव्हा ती ओरडली.

ती किंकाळी मी ऐकलेल्या कोणत्याही किंकाळीसारखी नव्हती. मध्येच फाटली, तळाला गेली, पुन्हा चिरत वर आली. तिच्या तोंडातून रक्त आले. तुझे यंत्र चालू होते. तू क्षणभर त्याच्याकडे पाहिलेस. बाळ, मी फरशीवरून तुझा चेहरा पाहत होते. काम झाल्याचे समाधान त्यावर होते.

पण खाली शिंप्यानेही ती ऐकली होती. जिना चढून तो आला तो हातातली तापलेली इस्त्री न ठेवताच. तुझ्या मनगटावरचा डाग त्या इस्त्रीचा आहे. तू लाथ मारलीस, त्याचा दात पडला, तरी त्याने तुला भिंतीशी दाबून धरले. शिपाई आल्यावर त्यांनी त्याला विचारले, "रोज किंकाळ्या ऐकणाऱ्या माणसाला आजच कसं कळलं?" तो तोंडावर फडके धरून म्हणाला, "साहेब, ताईंची किंकाळी सुरात असते. शेवटी एक वळण घेते. इतकी वर्षं ऐकतोय, मला पाठ आहे. ही बेसूर आली. म्हटलं, ही कामातली नाही."

तुला हवी होती ती किंकाळी मिळाली. सध्या ती पुराव्याच्या कपाटात कुलूपबंद आहे. आणि सूनबाईची उरलीसुरली कुजबुजही त्या किंकाळीबरोबर गेली. आता ती पाटीवर लिहिते.

मी तुला दिलेली मुदत तू अशी वापरलीस. तरी ती अजून संपलेली नाही. साक्ष व्हायची आहे. सत्य आपण होऊन सांग.

आई

(पुढचं आई सांगत नाहीयेत, मी लिहितेय. तुझ्यासाठी मी विहिरीत, आगीत, काचेत मेले, आणि प्रत्येक वेळी उठून तुला विचारलं, चांगलं झालं का. आता विचारणार नाही.)


२६ जून

चिरंजीव बाळ, आशीर्वाद.

अक्षर पुन्हा माझे आहे. वाकडे आले तरी माझे.

न्यायालयात तू सगळे पाहिलेस. पण तू पिंजऱ्यात उभा होतास आणि मी बाकावर आडवी होते. माझ्या बाजूने काय झाले ते तुला ठाऊक असावे.

माझी साक्ष झाल्यावर तुझ्या वकिलाने मला आदराने विचारले, "आजी, तुमचं ज्ञान आम्हाला मान्य. श्वास सोडून मेलं की खोटं, भरून मेलं की खरं. पण हे तुमच्यासारख्या विदुषीला दिसणार. कामाच्या गडबडीत माझ्या अशिलाला कसं दिसावं? तिथल्या सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या ना?"

तुझ्या मनात काय होते ते मी शपथेवर कसे सांगणार? गेंडा भिंतीशी बसला होता, डोके गुडघ्यांत. सूनबाई पाटीवर काही लिहायला गेली आणि तिने खडू खाली ठेवला. तेवढ्यात मला सुचले. मी न्यायाधीशबाईंना म्हटले, "मला दोनदा मरून दाखवायचं आहे. परवानगी असावी."

खोलीत हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "या वयात?"

"या वयात सरावच चालला आहे."

त्यांनी बाक मोकळा करविला. मी आडवी झाले, मोडून सांधलेला हात पोटावर घेतला, सगळा श्वास सोडला आणि थांबले. कोणीतरी चुकचुकले. कारकून उठून उभा राहिला. मग मी बसले, पाणी प्याले, आणि म्हटले, "आता दुसरं."

दुसऱ्या वेळी मी छाती भरून घेतली आणि कंठ आतून आवळला. मनाशी ठरविले होते की स्वतःहून सोडायचा नाही. आयुष्यभर श्वासाला वळण लावले. त्याला एवढे सांगण्याचा अधिकार मी मिळविला होता. प्रथम कानांत समुद्र आला. मग डोळ्यांमागे तांबडे झाले, मग काळे. बोटे आपोआप बाक खरवडू लागली. फासळ्यांना आतून कोणी लाथा मारीत होते. त्या वेळी मला सूनबाईच्या टाचा ऐकू आल्या. भगवंताचे नाव घ्यावे असे वाटले, पण नाव घ्यायलाही वारा लागतो. दुरून वकिलाचा आवाज येत होता, "बघा, दोन्ही अगदी सारखी दिसतात. कोणालाही फरक कळणार नाही."

आणि तुझा आवाज आला.

"बस. आई, बस. थांबवा तिला, ती खोटं करत नाहीये."

मी कंठ सोडला. सूनबाईने मला कुशीवर वळविले. मला धाप लागली होती, तरी पुढचे शब्द मी ऐकले. न्यायाधीशबाईंनी तुला शांतपणे विचारले, "तुम्हाला कसं कळलं?"

तू म्हणालास, "छाती भरलेली आहे. खोटं मरताना रिकामी असते."

तुझ्या वकिलाने चष्मा काढून पुसायला घेतला. तू आपल्याच हातांकडे पाहत राहिलास, आणि मग कोणी न विचारता सगळे सांगितलेस: तुला दिसले होते, तू 'बस' न म्हणता क्षण मोजत राहिला होतास, दृश्य उत्तम येत होते. गेंड्याने तोंड वर केले. सूनबाई तेवढ्यापुरती बाहेर गेली.

गेंडा सुटला. घरी जाण्याआधी त्याने शिंप्याकडून सदरा शिवून घेतला, कारण त्याच्या मापाचा तयार मिळत नाही. शिंपी म्हणतो, पडदाच शिवला. तो चित्रपट कधीही दाखविता येणार नाही. सूनबाई आता एका नाटकमंडळीत नवख्यांना मरायला शिकविते. तिने त्यांना एक अट घातली आहे: जो मरणार त्याच्या मुठीत लहान घंटी राहील, आणि ती वाजली की दिग्दर्शकासकट सगळ्यांनी थांबायचे. पहिल्या दिवशी एक पोरगी नुसती वाजवून बघावी म्हणून सारखी वाजवीत होती. सूनबाईने पाटीवर लिहिले, "वाजव. याच कामाची आहे."

शिक्षा लांब आहे. तुला क्षमा करणे तिच्याकडे आहे. तिच्या वतीने मी ती देऊ शकत नाही, आणि तिच्यापाशी मागणारही नाही. माझ्या वाट्याची तेवढी तुला पाठविते. मी मरू लागले तेव्हा तू "बस" म्हणालास. तो शब्द तुझ्यात होता, म्हणूनच तो तिच्यासाठी न उच्चारल्याचा भार मोठा आहे. तो भार टाकून देऊ नकोस. त्याच्यासह सकाळी उठत जा. तेथल्या फरशीवर आडवा होऊन श्वास पूर्ण सोडत जा, आणि मग, कोणी न सांगता, पुन्हा घेत जा.

तुझ्या हाती पडण्याआधी हे पत्र तेथला अधिकारी उघडून वाचील, असे मला सांगितले आहे. त्याने जरूर वाचावे. त्याच्या घरी कोणाचा श्वास कोंडलेला नसो. ज्या कोणाच्या नजरेखालून ही अक्षरे जातील, त्या सर्वांच्या छातीत वारा मोकळा खेळो. त्यांच्या गळ्यावर कोणाचा हात न येवो, त्यांचा हात कोणाच्या गळ्यावर न जावो. आणि दुसऱ्यासाठी "बस" म्हणण्याची वेळ आली, तर तो शब्द त्यांच्या ओठांवर वेळेत येवो.

आई